खसखस, मिश्री आणि दुसऱ्याचं पाकीट: सिंगापूरला सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातून सिंगापूर-मलेशिया-थायलंडच्या सहली काढणाऱ्या सर्व लहान-मोठ्या कंपन्यांचे चालक आणि टूर लीडर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडची. गेली अकरा वर्षं नोकरीनिमित्त सिंगापुरात राहते. दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात तुमच्या बसगाड्या इथे दिसतात. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोक्यावर एकाच रंगाची टोपी आणि हातात कापडी पिशवी घेतलेले आपले काका-काकू मरलायनसमोर उभे राहून फोटो काढतात. ते बघून मला दर वेळी भरून येतं. ज्यांनी आयुष्यभर पंढरपूर-तुळजापूरपलीकडे प्रवास केला नाही, त्यांना तुम्ही समुद्रापार आणता, वरणभात खाऊ घालता आणि सुखरूप घरी पोचवता. या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. म्हणूनच ही तक्रार न राहवून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माझी आई तुमच्यासारख्याच एका कंपनीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीतून इथे आली. वय अडुसष्ट. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. एकटीने विमानात बसायची भीती, म्हणून सहलीबरोबर येऊन पुढे महिनाभर माझ्याकडे राहायचं असं ठरलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तेव्हापासून मी इथे भेटणाऱ्या सहलीतल्या माणसांना मुद्दाम विचारत आले आहे, आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच ऐकते आहे.

आईच्या बॅगेत निम्म्याहून जास्त सामान माझ्यासाठी होतं. कांदा-लसूण मसाला होता. मिरची, धने, तीळ, खोबरं, खसखस सगळं घरी भाजून, डंकावर स्वतः उभं राहून उन्हाळ्यात कुटून घेतलेला. अनारसे होते. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गूळ घालून, खसखशीवर थापून तळलेले. आणि एका स्टीलच्या डब्यात अर्धा किलो नुसती खसखस होती, कारण मीच कधीतरी फोनवर म्हटलं होतं, "आई, इथे खसखस मिळत नाही गं." का मिळत नाही हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मलाही ते नीट ठाऊक नव्हतं.

विमानतळावर तिची बॅग यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. बाकीचा ग्रुप पुढे गेला, टूर लीडरही त्यांच्याबरोबर गेला. एकोणचाळीस माणसांना बसमध्ये बसवायचं होतं, हे मी समजू शकते. आई एका टेबलासमोर एकटी उभी राहिली. अधिकारी तरुण मुलगी होती. तिने डबा उघडला, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले आणि विचारलं, "खसखस?"

आईला इतका आनंद झाला! परक्या देशात, भाषा येत नसताना, समोरच्या मुलीने आपल्या स्वयंपाकघरातला शब्द उच्चारला. ती मान हलवून म्हणाली, "हो हो, खसखस! खसखस!" आणि अनारशांचा डबाही उघडून पुढे केला, मुलीने एक खाऊन बघावा म्हणून.

मी बाहेर उभी होते. पावणेतीन तास. मधे मला फोन आला, त्या मुलीने शांतपणे सगळं विचारलं, मी सांगितलं. शेवटी खसखस, मसाला आणि अनारसे जप्त झाले आणि ताकीद देऊन आईला सोडलं. कुणी तिच्यावर आवाज चढवला नाही, बसायला खुर्ची आणि पाणी दिलं, हेही सांगितलं पाहिजे. घरी आल्यावर आई बराच वेळ गप्प होती. रात्री झोपताना तिने मला विचारलं, "मी अफू आणली का गं?"

तुमच्या सहलीआधीच्या मीटिंगला ती गेली होती. साताऱ्याला एका हॉलमध्ये दोन तास मीटिंग झाली. छत्री घ्या, पायात चालायचे बूट घ्या, पासपोर्ट पाकिटात ठेवू नका, हे सगळं तिने वहीत लिहून घेतलं होतं. ती वही मी पाहिली आहे. कस्टमच्या नियमांबद्दल त्यात एकच ओळ होती: 'सिंगापूरमध्ये च्युइंग गम चालत नाही.' ही गोष्ट सगळेच सांगतात, कारण ती ऐकायला गमतीची वाटते. बंदी खरी आहे, १९९२ सालापासून आहे, आणि २००४ पासून फक्त औषधी गम फार्मसिस्टकडून घेता येतो. पण मला सांगा, अडुसष्ट वर्षांची कराडची बाई च्युइंग गम कशाला नेईल? ती नेणार खसखस. ती नेणार मिश्री. ती नेणार गुडघेदुखीचं चूर्ण आणि शेजारणीने मुलासाठी दिलेलं पाकीट. त्यातल्या एकाबद्दलही तिला कुणी बोललं नव्हतं.

म्हणून आता एकेक करून लिहिते.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती मध्य प्रदेश-राजस्थानातून, नीमच-मंदसौरच्या पट्ट्यातून येते. तिथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. बी स्वतः नशेचं नसतं, पण त्याला बोंडातल्या चिकाचा अंश लागलेला असू शकतो आणि त्या चिकात मॉर्फिन असतं. सिंगापूरचं अमली पदार्थविरोधी खातं, ज्याला इथे सीएनबी म्हणतात, खसखशीकडे त्याच नजरेने पाहतं. प्रयोगशाळेत तपासून निर्धोक ठरल्याशिवाय ती देशात आणता येत नाही, आणि आपली काकू काही प्रयोगशाळेचा दाखला घेऊन निघत नाही. आखाती देशांतही खसखशीवर अशीच बंदी आहे. दुबईच्या सहली काढणाऱ्यांनीही हे वाचावं.

अडचण अशी की आपल्या जेवणात खसखस लपून बसलेली असते. डब्यातली दिसते, मसाल्यातली दिसत नाही. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, करंजीचं सारण, डिंकाचे लाडू, अनारसे. बाळंतिणीसाठी नेलेल्या लाडवांत तर हमखास असते, आणि इथे लेकीच्या बाळंतपणाला येणाऱ्या आया काही कमी नाहीत. 'खसखस नेऊ नका' एवढं सांगून भागणार नाही. 'खसखस घातलेलं काहीही नेऊ नका' असं सांगा, आणि ही पाच नावं घेऊन सांगा. नाव घेतल्याशिवाय बायकांच्या डोळ्यांसमोर डबा उभा राहत नाही.

आता मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तुमच्या मीटिंगमध्ये 'तंबाखू नेऊ नका' असं म्हटलं जात असेलही. पुरुष खिशातली पुडी काढून ठेवतात. बाई मात्र मान हलवते आणि मिश्रीची डबी पिशवीत तशीच राहते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे, मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या खेड्यांत साठीच्या पुढच्या कितीतरी बायकांची सकाळ मिश्री लावल्याशिवाय सुरू होत नाही. तपकिरीचंही तेच. सिंगापुरात चघळायचा, दातांना लावायचा, नाकात ओढायचा तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा हे सगळं बंद आहे. १ ऑगस्ट २०१६ पासून तर यातलं काही विकताही येत नाही आणि स्वतःपुरतं आणताही येत नाही. आणि ही गोष्ट चारचौघांत बाईला विचारू नका. ती नाहीच म्हणेल. तुमच्या कंपनीतल्या एखाद्या ताईने बायकांना बाजूला घेऊन मायेने सांगावं. पाच-सहा दिवस मिश्री नाही म्हणजे डोकं धरणार, चिडचिड होणार, हेही आधी सांगितलेलं बरं. सवय सोडायचा सराव घरीच सुरू करता येईल.

सिगारेटचं थोडक्यात सांगते. सिगारेटवर इथे कुठलीच माफी नाही. पहिल्या कांडीपासून कर आहे, आणि तो भरायचा तर लाल मार्गाने, म्हणजे कस्टमला काही सांगायचं असणाऱ्यांच्या वाटेने, जाऊन आपण होऊन सांगावं लागतं. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कर भरलेल्या सिगारेटवर 'एसडीपीसी' अशी अक्षरं छापलेली असतात. ज्या सिगारेटवर ती नाहीत, ती हातात दिसली की प्रश्न येतोच. नातवंडांच्या वयाची मुलं जी ई-सिगारेट वापरतात, ती १ फेब्रुवारी २०१८ पासून नुसती जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे.

औषधांकडे जरा थांबते, कारण तुमचे निम्मे प्रवासी गोळ्यांच्या डब्यासह येतात. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या रोजच्या गोळ्यांची अडचण नाही. स्वतःपुरत्या, तीन महिन्यांच्या आतल्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असल्या की पुरे. अडचण झोपेच्या गोळ्यांची आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही नावं कुणाला माहीत नसतात, पण 'ती छोटी गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही' असं म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि काही कडक वेदनाशामकं यांचीही तीच गत. अशा औषधांना इथल्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची, म्हणजे एचएसएची, आधी परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण निघायच्या आदल्या रात्री करून चालत नाही. निदान दोन-तीन आठवडे हातात हवेत. व्हिसाची कागदपत्रं तुम्ही महिनाभर आधी गोळा करताच. त्याच वेळी औषधांच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स मागून घ्या आणि एखाद्या डॉक्टरांना डोळ्याखालून घालायला द्या.

आपल्या काढे-चूर्णांबद्दलही एक सांगणं आहे. आयुर्वेदिक आहे म्हणजे निर्धोक आहे असं आपण धरून चालतो. काही पारंपरिक औषधांत विजया असते, काहींत अहिफेन. विजया म्हणजे भांग आणि अहिफेन म्हणजे अफू. पुडीवर बारीक अक्षरांत संस्कृत नाव लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही. वैद्यांनी हाताने बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्या तर अजिबात आणू देऊ नका. त्यात काय आहे हे विमानतळावर कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

थायलंडहून पुढे सिंगापूरला येणाऱ्या सहलींसाठी आणखी एक. थायलंडने २०२२ साली गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि दुकानांत पानाचं चित्र असलेल्या गोळ्या, बिस्किटं, पेयं दिसू लागली. नंतर तिथे नियम पुन्हा कडक झाले, तरी असला माल कुणाच्या हाती लागणारच नाही असं नाही. हौसेने घेतलेलं बिस्किटाचं एखादं पाकीट सिंगापूरच्या हद्दीत आलं की तो अमली पदार्थ ठरतो. बँकॉकच्या हॉटेलातून निघताना बसमध्ये हे सांगायला पाच मिनिटं पुरतात.

आता मला सर्वांत जास्त कळकळीने जे सांगायचं आहे ते. दुसऱ्याचं पाकीट.

आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की गल्लीत बातमी होते. मग संध्याकाळी कुणीतरी दाराशी येतं. "वहिनी, तुम्ही सिंगापूरला चाललात ना? आमच्या बंड्याला एवढं एक पाकीट द्याल का? फार काही नाही, चिवडा आणि थोडं लोणचं आहे." नाही म्हणायचं कसं? उद्या तोंड दाखवायचं असतं. पाकीट चिकटपट्टीने बंद केलेलं असतं, आणि ते उघडून बघणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं.

सिंगापूरचा अमली पदार्थांचा कायदा १९७३ सालचा आहे. त्याचं अठरावं कलम काय म्हणतं ते प्रत्येक प्रवाशाला मराठीत कळलं पाहिजे. बॅग ज्याच्या ताब्यात, किंवा बॅगेची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याच ताब्यात आतला अमली पदार्थ आहे असं कायदा गृहीत धरतो. इतकंच नाही, तो पदार्थ काय आहे हे त्याला माहीत होतं असंही गृहीत धरतो. 'मला ठाऊक नव्हतं' हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर येते. आणि याच कायद्यात १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइन किंवा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजा आणणाऱ्याला फाशीची शिक्षा सांगितलेली आहे. १५ ग्रॅम म्हणजे आपल्या पोह्यांच्या चमच्यात मावेल एवढं. पूर्वी विमानात भरायला सिंगापूर-प्रवेशाचं जे पांढरं कार्ड मिळायचं, त्यावर लाल अक्षरांत ही सूचना छापलेली असायची. आता कार्ड मोबाइलवर भरतात. तेही बहुतेक वेळा तुमच्या ऑफिसातला मुलगा सगळ्यांचं एकत्र भरून टाकतो, आणि ती लाल अक्षरं ज्यांनी वाचायला हवीत त्यांच्या डोळ्यांखालून जातच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेजाऱ्याला नाही म्हणायचं ओझं एकट्या वहिनींवर टाकू नका. ते तुम्ही घ्या. कंपनीचा नियमच करा: सहलीतल्या कुणीही, कुणाचंही पाकीट न्यायचं नाही, बॅग स्वतःच भरायची आणि किल्ली स्वतःकडे ठेवायची. तसं छापील पत्र द्या. मग वहिनी दाराशी आलेल्या माणसाला म्हणू शकतात, "कंपनीने लिहून घेतलंय हो, माझा नाइलाज आहे." त्या एका कागदाने किती जणींची सुटका होईल, याचा विचार करा.

हा देश एवढा कडक का, असं आईने मला विचारलं होतं. तुमच्या टूर लीडरनाही प्रवासी हेच विचारत असणार, म्हणून सांगते. १८१९ साली इंग्रजांनी इथे ठाणं वसवलं ते खुलं बंदर म्हणून. मालावर जकात नाही, म्हणून जहाजं इथे येत गेली. आजही सीमाशुल्क फक्त चार प्रकारच्या मालावर आहे: दारू, तंबाखू, मोटारी आणि पेट्रोलियम. बाकी सगळ्यावर फक्त जीएसटी, तो १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के. म्हणजे मुळात हा देश मालाला अडवणारा नाही. मुंबई आणि उपनगरं मिळून जेवढी, त्याहून थोडासाच मोठा. खायच्या वस्तूंपैकी ९० टक्क्यांहून जास्त बाहेरून येतात. शिवारच नाही, तर दुसरं काय होणार? एवढ्या लहान जागेत रोग, कीड किंवा नशा शिरली तर मागे सरकायला जागा नाही. म्हणून दारातच पाहतात.

आणि अफूचा तर इथे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या इंग्रज सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा अफूच्या मक्त्यातून यायचा. बंदरावर ओझी उचलणारे चिनी मजूर अंगदुखी विसरायला अफू ओढायचे आणि मिळकत त्यातच घालवायचे. ती अफू येत होती हिंदुस्थानातून. बिहार-बनारसची कलकत्त्याहून निघायची आणि माळव्याची आपल्या मुंबई बंदरातून. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली इथे अफू पूर्ण बंद झाली. हे कळल्यापासून मला विमानतळावरच्या त्या मुलीचा राग येत नाही. तिच्या पणजोबांच्या पिढीने काय पाहिलं असेल, कोण जाणे.

बाकीचे नियम भराभर सांगते. दारू एकूण दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते, पण तीन अटी आहेत: वय १८ पूर्ण, सिंगापूरबाहेर निदान ४८ तास, आणि मलेशियातून येणारा नसावा. तुमच्या पुष्कळ सहली आधी क्वालालंपूर आणि मग बसने सिंगापूर अशा असतात. त्यांतल्या प्रवाशांना ही सवलत नाही, हे बहुतेकांना सीमेवरच कळतं. नव्या वस्तू आणि भेटींवर पर्यटकाला ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत जीएसटी माफ आहे. बाहेरचा मुक्काम ४८ तासांहून कमी असेल तर १००. आमच्यासारखे नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा कुटुंबीयांच्या पासवर राहणारे मात्र या सवलतीत बसत नाहीत. इथल्या मराठी मंडळींनी हेही ध्यानात ठेवावं. कर चुकवताना सापडलं तर चुकवलेल्या रकमेच्या वीस पटीपर्यंत दंड होऊ शकतो. रोख रक्कम २०,००० सिंगापूर डॉलरच्या वर असेल तर आधी कळवावी लागते. फटाके नाहीत. पिस्तुलाच्या आकाराचा लायटरही नाही. भारतातलं मटण-चिकन, त्याचं सुकं, लोणचं काही नाही. रोप आणि माती नाही. आईने वृंदावनातली तुळस ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचं योजलं होतं. नशिबाने निघायच्या दिवशी ती विसरली. आता माझ्या बाल्कनीत इथल्याच रोपवाटिकेतली तुळस आहे, आणि आईने तिची पूजा सुरू केल्यावर ती आमचीच झाली.

परतीच्या वाटेवरही लोक दोन गोष्टींत फसतात. एक म्हणजे जीएसटीचा परतावा. एका दुकानात निदान १०० डॉलरची खरेदी केली, पासपोर्ट दाखवला, तर पर्यटकाला कर परत मिळतो. पण तो विमानाने निघणाऱ्यालाच मिळतो. आधी सिंगापूर आणि मग बसने मलेशिया अशी सहल असेल तर मिळत नाही. माल मोठ्या बॅगेत घालायचा असेल तर बॅग काउंटरवर देण्याआधी परताव्याचं काम उरकावं लागतं, कारण माल दाखवायला सांगू शकतात. मी कितीतरी काकांना बॅग आत गेल्यावर हातात पावत्या घेऊन उभं असलेलं पाहिलं आहे.

दुसरं सोनं. सेरांगून रोडवर दागिन्यांची दुकानं पाहून बायका हरखतात. आपल्या कस्टममध्ये दागिन्यांची जी खास सवलत आहे, पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम, ती एक वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याच्या सहलीला आलेल्यांसाठी नाही. आणि लग्नातल्या पाटल्या-बांगड्या घालून येणार असाल तर निघताना मुंबईतच कस्टमकडून त्या दागिन्यांचं प्रमाणपत्र घेता येतं. ते जवळ असलं की परतताना कुणी 'हे तिकडून घेतलं का' असं विचारलं तरी घाबरायला नको. हे टूर लीडरना माहीत असतं. पण सांगतात ते विमानतळावर, रांग लागल्यावर, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

आता माझं मागणं. सहलीआधीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास फक्त बॅगेसाठी ठेवा. मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर हे सगळं छापा, आणि तो कागद फराळ करायला घेण्याआधी, म्हणजे निदान महिनाभर आधी घरी पोचवा. अनारसे तळून झाल्यावर नियम कळून काय उपयोग? कागदावर त्या-त्या देशाच्या कस्टम खात्याचं अधिकृत संकेतस्थळ द्या, कारण नियम बदलतात. दर हंगामाआधी ते नव्याने तपासा. कुणाची बॅग बाजूला काढली तर एका माणसाने त्या प्रवाशासोबत थांबायचं, हा नियम करा. ग्रुपमध्ये कुणीतरी धडधाकट, इंग्रजी जाणणारं असतंच. त्याला आधीच सांगून ठेवा. आणि प्रवाशांना हे नक्की शिकवा की शंका असेल तर लाल मार्गाने जायचं आणि बॅग उघडण्याआधी आपण होऊन सांगायचं. लाल मार्ग म्हणजे गुन्हेगारांचा मार्ग नव्हे. तिथे जाऊन 'हे चालतं का' असं विचारणाऱ्याशी इथले लोक नीट बोलतात.

आईने यंदा मसाला कुटून घेतला तेव्हा माझा वाटा खसखस न घालता वेगळा काढला. डंकवाल्यांनी विचारलं, "मावशी, खसखस विसरलात का?" तिने त्यांना सगळी हकीकत सांगितली. तिथे रांगेत बसलेल्या दोन बायकांची मुलं दुबईत होती. त्यांनीही आपापल्या पिशव्या उघडून खसखस बाजूला काढली. डंकावर जे कळलं, ते तुमच्या मीटिंगमध्ये कळावं एवढीच माझी इच्छा आहे.

कागदाचा मजकूर मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे. एक पैसा नको. तुमच्यापैकी कुणाचाही ग्रुप इथे आला आणि टूर लीडरला कुणासोबत थांबायला माणूस हवा असला, तर आम्ही इथली चार-सहा मराठी घरं आळीपाळीने येऊ. दिवाळीच्या सहलींचं बुकिंग सुरू झालेलं असेल. मीटिंगच्या तारखा ठरवताना हा अर्धा तास धरून ठरवा.

आपली,
सिंगापुरात राहणारी एक कराडची लेक